तोंडचा घास

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने निघाले की कागल मागे पडते, कोगनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडली जाते, आणि थोड्याच वेळात नाकाला तंबाखूचा उग्र दर्प जाणवू लागला की समजावे, निपाणी आली. याच निपाणीत, सन २००३ मध्ये, मी दूरचित्रवाणीची बातमी करावयास शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा चुकलो, आणि त्या चुकीने मला शिकविले.

त्या वेळी मी बेळगावात पत्रकारितेचा विद्यार्थी होतो. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. पण आमच्याकडचा साधा माणूस पडद्यावर आला तो केबलच्या तारेवरून. गल्लीतला पाण्याचा नळ, गणपतीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन असे सारे त्यात असे, आणि लोक संध्याकाळी त्या बातम्यांत आपल्या ओळखीचे चेहरे शोधीत बसत. अशाच एका केबलवरच्या बातम्यांसाठी मी उमेदवारी करीत होतो.

बातमी दोन मिनिटांची. एका सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे दोन मिनिटांत ३,०००. मला वाटे, एवढ्यात जग मावेल. आमचे वृत्तसंपादक म्हणत, "जग राहू दे. एक माणूस मावला तरी पुष्कळ." त्यांनी शिकविलेल्या गोष्टी मोजक्याच होत्या. चित्रणाआधी पांढरा कागद दाखवून कॅमेऱ्याचे रंग जुळवून घ्यावेत. आवाज टिपणाऱ्याने कानावरचा हेडफोन काढू नये. आणि माणूस बोलायचा थांबला, तरी मनात पाच अंक मोजून मगच कॅमेरा बंद करावा.

बातमीत माणसाच्या बोलण्याचा जो तुकडा घेतात, त्याला त्या धंद्यात 'बाइट' म्हणतात. बाइट म्हणजे घास. या शब्दातली खोच तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती.

तंबाखूच्या वखारीतल्या बायांच्या आरोग्यावर बातमी करावयाची होती. तंबाखू चाळण्याचे काम चालले होते. उडणाऱ्या धुळीने आमचे डोळे चुरचुरू लागले, कॅमेऱ्याची काच पुन्हा पुन्हा पुसावी लागली. तोंडाला पदर बांधलेली एक मावशी बोलावयास तयार झाली. मी विचारले, "मावशी, या कामाचा त्रास होतो का?"

"न्हाई कसा? रातचा खोकला थांबत न्हाई बघ बाळ. जलम ह्यातच गेला."

एवढे बोलून ती थांबली. मला हवे ते मिळाले होते. पण कॅमेरा धरणारे आमचे अण्णा पाच मोजीत होते. आणि तेवढ्यात मावशी शेजारच्या बाईकडे वळली व कन्नडमध्ये म्हणाली, की ह्याच तंबाखूवर दोन पोरी शिकविल्या, थोरली मास्तरीण झाली. हे पण सांगायला पाहिजे की नाही? शेजारीण हसली. मावशीही हसली.

बेळगावात आल्यावर बातमी जुळवावयास बसलो. कन्नड मला चांगले कळत होते; आमच्याकडे भाजी घ्यावयाची तरी दोन्ही भाषा लागतात. पण मला वाटले, मराठी बातमीत मध्येच कन्नड कशाला? शिवाय खोकल्यानंतर ते हसू आले असते, तर बातमीची धारच गेली असती. मी 'जलम ह्यातच गेला' इथे तुकडा तोडला आणि पुढे माझा गंभीर आवाज जोडला. बातमीची वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी कॅसेट निपाणीच्या केबलवाल्याकडेही गेली.

पंधरवड्याने पुन्हा त्या वखारीत गेलो. वाटले होते, मावशी कौतुक करील. तिने चहा मागविला, आणि शांतपणे सांगितले, "थोरलीनं टीव्हीत बघितलं. मला म्हणाली, आई, आमचं नाव सुदीक घेतलं न्हाईस व्हय गं? मी घेतलं हुतं की रं बाळ. तू ठेवलं न्हाईस."

चहा घशाखाली उतरेना. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणे म्हणजे काय, ते त्या दिवशी मला समजले. मी खोटे काही दाखविले नव्हते. तिचाच शब्द होता, तिचाच आवाज. पण एका कष्टाळू बाईच्या आयुष्याची मी नुसती व्यथा केली होती, आणि त्यातला तिचा पराक्रम कॅसेटमध्येच ठेवला होता.

मूळ कॅसेट पुसली गेली नव्हती, हे नशीब. बातमी पुन्हा जुळविली. या खेपेस मावशीचे कन्नड बोलणे तिच्याच आवाजात ठेवले आणि खाली मराठी अक्षरे दिली. बातमी १२ सेकंदांनी लांबली. संपादकांनी माझेच निवेदन तेवढे कापले.

पुढे कळले, की निपाणीच्या ह्या कामगार बायांवर १९८२ साली 'युगांतर' या संस्थेने 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा अनुबोधपट त्यांना बरोबर घेऊन केला होता. बातमीचे चलच्चित्र तर मराठी माणसाला त्याहून कितीतरी जुने. सावेदादा भाटवडेकरांनी रँग्लर परांजपे यांचे मुंबईतले स्वागत चित्रित केले ते १९०१ साली. यंत्र आपल्याकडे लवकर आले. ऐकण्याची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.

आज खिशातल्या मोबाइलवर कोणीही बातमी टिपतो. मीही टिपतो. समोरचा माणूस बोलायचा थांबला, की अजूनही मनात पाच मोजतो. पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या अंकाला तो पुन्हा बोलू लागतो, आणि जे सांगावयाचे असते ते तेव्हा सांगतो.