चौदा आणे

पहाटे पाच. गडी यायला अजून दीड तास आहे. चहा टाकते आणि लॅपटॉप उघडते. एप्रिलचा दुसरा आठवडा, देवगडात हंगाम ऐन भरात. दिवसभरात पुन्हा बसायला मिळेलच असं नाही, म्हणून लिहायचं ते आत्ताच. आमच्या बागेतला हापूस आम्ही स्वतःच्या साइटवरून विकतो आणि नवं गिऱ्हाईक तिथे येतं ते बहुतेक मी लिहिलेल्या लेखांवरून. पहिल्या वर्षी जाहिरातीवर पैसे घालून पाहिले. पैसे थांबले त्या दिवशी माणसंही थांबली. लेख मात्र जुना झाला तरी माणसं आणत राहतो.

आधी सर्च कन्सोल बघते. लोकांनी गूगलवर काय टाइप केलं आणि त्यातून आमची साइट किती वेळा दिसली, हे तिथे फुकट कळतं. डिसेंबरात विचारतात, हापूस कधी येतो. मार्चमध्ये, अस्सल देवगड कसा ओळखायचा. एप्रिल लागला की आंबा पिकत का नाही आणि आत पांढरं निघालं ते खाल्लं तर चालतं का. न पाहिलेल्या, न हुंगलेल्या फळाचे पैसे आगाऊ भरायचे, तर माणूस बिचकणारच. त्या बिचकण्याला उत्तर द्यायचं, एवढंच माझ्या लेखाचं काम. ‘रसाळ, मधुर, फळांचा राजा’ लिहून काही साधत नाही. परप्रांतातलं फळ देवगडच्या नावाच्या खोक्यात भरणारासुद्धा तेच लिहितो.

आजचा विषय फ्रिज. कच्चा हापूस बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवला की त्याला थंडीचा मार बसतो, पिकण्याची क्रिया अडते, साल काळवंडते. घरचा फ्रिज असतो चार-पाच अंशांवर. एवढं एकच सांगायचं. एका लेखात एकच प्रश्न, आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत. माणूस आंबा हातात घेऊन शोधत असतो, त्याला प्रस्तावना नको असते.

साडेसहा. बागेत. झेल्याने, म्हणजे जाळीच्या लांब काठीने, फळ उतरवणं चालू आहे, देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. मी फोनवर फोटो घेते. एक फळ हातात धरून वरच्या फांदीकडे बोट करते, तेवढ्यात खालून एका गड्याचा आवाज येतो, “वयनी, थंयचो नको. ह्यो आंबो अजून कवळो आसा, थोडो दम धरूक व्हयो.” बरोबर आहे त्याचं. खांदे भरलेले नाहीत, देठाशी खळगा नाही. आमच्याकडे फळ चौदा आणे झालं की उतरवतात. सोळातले दोन आणे झाडाबाहेर पुरे व्हायचे. ‘चौदा आणे म्हणजे काय’ हा लेख मी या गड्याच्या तोंडून ऐकून लिहिला, त्याच्याच हातांचे फोटो लावून. असं लिखाण विकत मिळत नाही. कुणाकडून शंभर लेख घाऊक लिहून घेण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. त्या लेखांत हा हात कुठून येणार?

दहा. ऊन चढलं, काढणी थांबली. उन्हातलं, तापलेल्या जमिनीवर ठेवलेलं फळ म्हणजे साक्याला आमंत्रण. साक्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमचा धंदा उभा राहिला तो त्याच्यावर. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. बाहेरून ओळखता येत नाही. दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका ताईंनी पाहुण्यांसमोर आंबे कापले आणि निम्म्यांत साका. फोनवर त्या चिडल्या नव्हत्या, खजील झाल्या होत्या, आणि ते मला जास्त लागलं. पैसे परत केले. मग साक्यावर लिहायला बसले. सासरे म्हणाले, “आपल्या मालाचा दोष आपणच कशाला सांगायचा?” त्यांचं आयुष्य वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवण्यात गेलं, तिथे दोष सांगायची रीत नाही. पण मी लिहिलं. जमिनीची उष्णता कशी नडते, चौदा आण्यांवर काढल्याने धोका का कमी होतो, तरीही तो शून्य का होत नाही, आणि आमच्या पेटीत निघाला तर आम्ही काय करतो. आज साइटवर सर्वांत जास्त वाचला जातो तो हाच लेख. त्याखालीच मागणीचं बटण आहे, आणि ते दाबणारेही तिथेच जास्त.

तो लेख मी जानेवारीत घातला होता. गूगलवर नवं लिखाण वर यायला आठवडे, कधी महिने जातात. एप्रिलमध्ये सापडावं असं वाटत असेल तर झाडावर मोहोर असतानाच लिहावं लागतं.

एक ते तीन जेवण आणि पॅकिंग. वजनाप्रमाणे फळं वेगळी, खाली-वर पेंढा, प्रत्येक पेटीत एक कार्ड. कार्डावरचा क्यूआर कोड थेट ‘घरी आंबा कसा पिकवावा’ या लेखावर जातो.

साडेतीन. फोन आणि निरोप. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे का, असं बरेच विचारतात. कोकण हापूसला ते 2018 मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यावर लेख आहे, त्याचीच लिंक धाडते. मग नागपूरहून एका काकांचा फोन. “ताई, आठ दिवस झाले, आंबे हिरवेच.” मी विचारलं, “काका, फ्रिजमध्ये ठेवलेत का?” “छे हो. तुमचं वाचलंय. टेबलावर सुटे ठेवलेत, पंख्याखाली. तुम्ही लिहिलंय पेंढ्यात ठेवा. फ्लॅटमध्ये पेंढा आणू कुठून?”

गप्पच झाले मी. तीन वर्षं तो लेख तिथे आहे आणि नागपूरच्या फ्लॅटमध्ये पेंढा नसतो हे मला सुचलं नाही. त्यांना सांगितलं, पेटीतल्याच पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा, एकावर एक दोनच थर, रोज हाताने बघा, वास सुटेल.

सहाला गाडी येऊन पेट्या घेऊन गेली.

रात्री साडेनऊ. सकाळचे फोटो आकाराने लहान करते, नाहीतर बसमध्ये फोनवर वाचणाऱ्याला लेख उघडेपर्यंत त्याचा थांबा येतो. फ्रिजचा लेख चढवते. मग जुना लेख उघडून ‘पेंढ्यात’ या शब्दापुढे काकांचं वर्तमानपत्र आणि खोकं घालते, पंख्याखाली सुटे ठेवू नका हेही. वर आजची तारीख टाकते आणि काकांना लिंक पाठवून विचारते, आता नीट कळतंय का.