गरी टाकण्यापूर्वी

आमचे अब्बा जन्मभर खाडीवर गरवत आले. आता वय बहात्तर, मधुमेह जुना, आणि दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. धाकटा भाऊ क्वालालंपूरला नोकरीला आहे. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "अब्बा, इथल्या जंगलात नदीवर गरवता येतं." दुसऱ्याच दिवशी अब्बांनी माळ्यावरची गरीची पेटी खाली काढली.

घरात आठवडाभर वाद झाला. अम्मी म्हणाल्या, "दवाखाना नाही, रस्ता नाही. काही झालं तर?" प्रश्न खरा होता. शेवटी ठरले की तयारी पुरी झाली तरच जायचे. त्या तयारीचे चार अनुभव इथे सांगतो. मुलाबाळांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन जंगलात जाणाऱ्यांना ते उपयोगी पडावेत.

आधी ऋतू पाहा

आम्ही दिवाळीची सुट्टी धरली होती. भावाने लगेच नको म्हटले. आपला पावसाळा संपतो, तेव्हा मलेशियाच्या पूर्व भागात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. नोव्हेंबर ते जानेवारी नद्या भरलेल्या असतात. फेब्रुवारी ते सप्टेंबर हा काळ त्यातल्या त्यात बरा. म्हणून मे महिना ठरवला. ठिकाण तामान नेगारा. पाहांग, केलान्तान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत पसरलेले हे ४,३४३ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान. जेरान्तुतमार्गे क्वाला तहान गावी पोचायचे, पुढे तेंबेलिंग नदीतून लांबट होडीने.

डॉक्टरांची चिठ्ठी

गरीच्या आधी आम्ही डॉक्टर गाठले. त्यांच्या सांगण्यावरून अब्बांची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये बांधून घेतली. एक भिजली वा हरवली तर दुसरी असावी. अब्बा रक्त पातळ करण्याची गोळी घेतात आणि त्या जंगलात जळवा फार. जळू सुटल्यावरही रक्त लवकर थांबत नाही, म्हणून गॉझ आणि पट्ट्या जास्त घेतल्या. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे. मधुमेहाच्या पायांना ओले बूट वाईट, म्हणून कोरड्या मोज्यांचे चार जोड. लेप्टो कोकणात कोणाला सांगायला नको. जखम उघडी ठेवून पाण्यात उतरायचे नाही, आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आधी द्यायची.

खाण्याची चिंता नव्हती, तिथे हलाल जेवण सगळीकडे मिळते. दाट झाडीत सूर्य दिसत नाही, म्हणून किब्ल्यासाठी छोटे होकायंत्र घेतले. तिथून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे. मोबाइलच्या भरवशावर राहिलो नाही.

खायचा नसेल तर?

या नद्यांतला मानाचा मासा म्हणजे केलाह. आपल्या महाशीरचा हा भाऊबंद. काठावरच्या झाडांची फळे पाण्यात पडतात आणि हा ती खातो. म्हणून तिथले लोक गरीला तेलताडाचे फळही लावतात. भाऊ म्हणाला, "हौशी लोक केलाह पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात."

अब्बा गप्प झाले. मग म्हणाले, "खायचा नाही तर त्याच्या तोंडात गरी कशाला अडकवायची, बाळा?"

उत्तर आमच्याकडे नव्हते. महाडजवळच्या वाळणकोंडीत महाशीरला कोणी मारत नाही, लोक त्याला खाऊ घालतात. तहान नदीवरच्या लुबुक तेनोर या राखीव डोहातही केलाहला असेच जपले आहे. आम्ही ठरवले की केलाह पाहायचा. गरवायचे ते जेवणापुरते, तेही परवाना काढून आणि परवानगी असलेल्या पट्ट्यातच. अब्बांनी पेटीतल्या मोठ्या गऱ्या काढून घरी ठेवल्या. मधल्या गऱ्या, तंगूस आणि शिसे एवढेच सोबत घेतले.

शेवटचा शब्द कोणाचा

निघण्याआधी घरातल्या सगळ्यांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: होडीवाला 'उठा' म्हणाला की उठायचे, कारण नंतर विचारायचे. सगळ्यात जास्त कुरकुर अब्बांची. "पन्नास वर्षं पाण्यावर काढली मी," म्हणाले. पण शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका खडकावर बसले होते. आमच्या डोक्यावर ऊन होते. होडीवाल्याने पाण्याकडे पाहिले. रंग गढूळ होत होता, पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. वर कुठेतरी मोठा पाऊस झाला होता. तो म्हणाला, "उठा." अब्बांच्या गरीला तेवढ्यात मासा ओढत होता. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले, तंगूस कापली आणि उठले.

होडी वरच्या काठाला लावून आम्ही मागे वळून पाहिले, तर खडक दिसत नव्हता. कोणी काही बोलले नाही.

रात्री क्वाला तहानला विकतचा मासा जेवलो. अब्बा म्हणाले, "आपल्या खाडीला भरतीची वेळ असते. या नदीला नाही. ते त्या पोराला माहीत होतं, मला नव्हतं."

घरी आल्यावर अम्मींनी विचारले, "किती मिळाले?" अब्बांनी पेटी माळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सगळे परत आलो, ते मोज."