राजाच्या कपाळावरील फीत

मुकुट म्हटला कीं नाटकांतील सोनेरी, रत्नजडित शिरोभूषण आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अलेक्झांडरनंतर पश्चिम आशियांत व इजिप्तांत जे ग्रीक राजे झाले, त्यांचें मुख्य राजचिन्ह सोन्याचें नव्हतें. तें कापडाचें होतें. कपाळावरून नेऊन मागें गांठ मारावयाची आणि दोन्ही टोकें मानेवर सोडावयाचीं, अशी ती एक साधी फीत. तिला ते डायाडेमा म्हणत.

या फितीचा मान केवढा, हें एरिअन नांवाच्या इतिहासकारानें दिलेल्या एका आख्यायिकेवरून कळतें. बाबिलोनजवळच्या दलदलींतून अलेक्झांडर नावेनें जात असतां वाऱ्यानें फीत उडाली व वेतांत अडकली. एका खलाशानें पोहत जाऊन ती आणली. मात्र भिजूं नये म्हणून स्वतःच्या डोक्याला बांधली! कोणी म्हणतात, त्याला बक्षीस आणि फटके दोन्ही मिळाले. कोणी म्हणतात, त्याचा शिरच्छेद झाला. कोणी म्हणतात, पुढें राजा झालेला सेल्यूकस तो हाच.

ख्रिस्तपूर्व ३०६ मध्यें सायप्रसजवळील आरमारी विजयानंतर अँटिगोनस या सेनापतीनें ती फीत धारण केली व आपला पुत्र डेमेट्रियस यासही पाठविली. लवकरच टॉलेमी, सेल्यूकस हेही फीत बांधून राजे झाले. यांपैकीं एकही राजकुळांत जन्मलेला नव्हता. लोकांनीं मानलें, म्हणून कापडाला राज्याचें मोल आलें.

आतां आपण आपल्या जुन्नराकडे वळूं. येथील लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. एकानें पाण्याचीं टांकीं दिलीं, दुसऱ्यानें भोजनमंडप, तिसऱ्यानें लेण्याचें दर्शनी काम. हे दाते होते, राजे नव्हेत. पण ग्रीकांची एक राजरीत या मुलखांत निराळ्या वाटेनें आली, ती नाण्यांवरून. मानमोडी डोंगरांतील ४६ व्या वर्षाच्या लेखांत ज्याचा अमात्य अयम याचें दान नोंदलें आहे, त्या नहपान क्षत्रपानें रुप्याच्या नाण्यांवर ग्रीक धाटणीनें आपलें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें उमटविलीं.

गौतमीपुत्र सातकर्णीनें त्याचा पराभव केला, तेव्हां तीं नाणीं त्यानें वितळविलीं नाहींत. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें तेरा हजारांहून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच सातकर्णीचें नांव व त्रिकूट चैत्याचें चिन्ह ठोकलेलें आहे. बाजारांत नाणें हातीं घेणाऱ्या प्रत्येकास राज्य पालटल्याची वार्ता आपोआप मिळाली! आणि नवल असें कीं, गौतमीपुत्राचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या रुप्याच्या नाण्यांवर राजाचें मुख आहेच. शत्रु गेला, त्याची रीत राहिली.

याच वंशाच्या पूर्वजांच्या प्रतिमा नाणेघाटांतील लेण्यांत होत्या. सिमुक, देवी नागनिका, राजा सातकर्णी, कुमार अशी ती कुलपंक्ति होती. आज मस्तकें नाहींत, मुकुट नाहींत; कोठें पायांच्या खुणा आणि वर ब्राह्मी अक्षरांतील नांवें एवढेंच शेष आहे. बाजूच्या भिंतींवर अश्वमेधादि यज्ञांची व गाई, हत्ती, कार्षापणांच्या दक्षिणेची नोंद आहे. ग्रीकांची फीत कुजून गेली, सातवाहनांचे मुकुट फुटले. अक्षरें मात्र दोन हजार वर्षें टिकलीं. तेथें जाल तेव्हां त्या भिंतीवर स्वतःचें नांव कोरण्याचा मोह कोणी धरूं नये. तेथील प्रत्येक अक्षर हेंच आतां त्या राजांचें शिरोभूषण आहे.