शंभर टक्के निकाल आणि नववीचा पट

दहावीचा निकाल लागला की दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात शाळांचे फलक झळकतात. कुणाचा निकाल शंभर टक्के, कुणाचा सत्त्याण्णव. तांड्यांवरून आणि अरुणावती नदीच्या पट्ट्यातल्या खेड्यांतून आलेले पालक हाच आकडा धरून मुलांची नावं घालतात. दुसरा आकडा त्यांच्यासमोर कुणी ठेवतच नाही.

या आकड्यावर किती विसंबावं? दिग्रस अमरावती विभागीय मंडळात येतं. या विभागाचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७१.९८ टक्के होता आणि २०२० मध्ये ९५.१४ टक्के. शाळा त्याच होत्या, शिक्षकही बहुतेक तेच. बदलला होता तो नियम. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण २०१९ ला बंद झाले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले गेले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण मिळाले, आणि राज्य ९५.३० वर पोचलं. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के!

म्हणजे एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी करण्यात अर्थ नाही. मग एकाच वर्षी, एकाच गावातल्या दोन शाळांची तरी करता येईल ना? तिथेही नववीत अडतं. शिक्षण हक्क कायद्यामुळे २०२३ पर्यंत मूल आठवीपर्यंत न अडता पुढे सरकत आलं. खरी चाळणी लागते ती नववीत. कच्च्या मुलाला तिथे थांबवलं, दाखला काढायला सुचवलं किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ म्हटलं, की ते शाळेच्या हिशेबातून बाहेर पडतं. १७ नंबरवाल्यांची गणती खासगी विद्यार्थी म्हणून वेगळी होते.

हिशेब मांडून पाहू. दोन शाळांत नववीला शंभर-शंभर मुलं आहेत असं धरा. पहिलीतून ८० दहावीला बसली, ७६ पास झाली: निकाल ९५ टक्के. दुसरीतून ९६ बसली, ८४ पास झाली: निकाल साडेसत्त्याऐंशी. फलक पहिलीचा लागेल, पण आठ मुलं जास्त पास केली दुसरीने. माझ्या मते चांगली शाळा दुसरीच.

मूल कुठून निघालं हेही धरता येतं. इंग्लंडमध्ये २०१६ पासून ‘प्रोग्रेस ८’ या मापाने शाळा जोखू लागले. अकराव्या वर्षी मूल कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचलं, यातलं अंतर त्यात मोजतात. आपल्याकडे अशा मापाची फार गरज आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग बुडवावा लागणारी, एसटीच्या वेळेवर शाळा गाठणारी मुलगी आणि गावात राहून दोन शिकवण्या लावणारा मुलगा एकाच रेषेवरून निघत नाहीत. एसटीचा संप २०२१-२२ मध्ये महिनोन्‌महिने चालला, खेड्यातल्या मुलांची शाळा तुटली. तरी त्या वर्षी राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला, कारण अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता आणि ‘शाळा तिथे केंद्र’, म्हणजे परीक्षा आपापल्याच शाळेत होती. मुलांचं झालेलं नुकसान त्या आकड्यात कुठेच उमटलं नाही.

निदान नववीतली किती मुलं दहावी पास झाली, हे मोजायला नवी यंत्रणा लागत नाही. ‘यू-डायस’ या सरकारी नोंदणीत प्रत्येक शाळेला क्रमांक आहे आणि इयत्तावार पट तिथे दरवर्षी भरला जातो. पालकांनो, प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: दोन वर्षांपूर्वी नववीच्या पटावर किती मुलं होती, आणि त्यांतली किती तुमच्याच शाळेतून दहावी पास झाली?