रानात लपवलेले पाच आवाज

झाडीत ठेवलेली जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिच्यातून निघणारा एक-दोन वॅटचा क्षीण रेडिओ संदेश. आणि दोन-तीन किलोमीटरवरून तो ऐकत, हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावत येणारा माणूस. पेटी कुठे आहे हे आयोजकाखेरीज कोणाला ठाऊक नसते, वाटेत कोणाला विचारायची मुभा नसते, आणि तरी तो माणूस अनोळखी रानातून नेमका त्या पेटीपाशी येऊन पोहोचतो. एवढ्यावर थांबत नाही. अशाच आणखी चार पेट्या शोधून तो ठरलेल्या वेळेच्या आत परततो. रेडिओ दिशाशोधनाची ही स्पर्धा जगभरचे हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम मंडळी, खेळतात. पहिली युरोपीय स्पर्धा 1961 साली स्टॉकहोमला झाली, पहिली जागतिक स्पर्धा 1980 साली पोलंडमधल्या चेतनिएव्होला. भारत ज्या विभागात मोडतो त्या आशिया-प्रशांत विभागाची पहिली स्पर्धा 1993 साली ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला भरली. आपल्याकडच्या हॅम मंडळींना गाडीत बसून लपलेला प्रक्षेपक शोधण्याचा ‘फॉक्स हंट’ परिचयाचा आहे. पायी, डोंगरात, नकाशावर खेळायच्या या प्रकाराला मात्र रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या डोंगरांइतकी चोख जागा शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे. ते का, आणि अशी स्पर्धा इथे भरवायची तर काय काय पाहावे लागेल, ते सांगतो.

आधी मुंबईची एक गोष्ट, कारण दिशाशोधनाशी मराठी मुलखाची गाठ खेळातून पडलेली नाही. 27 ऑगस्ट 1942 रोजी काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत मुंबईतून हे गुप्त प्रक्षेपण चालवत होते. एकाच जागेवरून रोज बोलणे म्हणजे आपला पत्ता स्वतःच सांगणे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पोलिसांची दिशाशोधक गाडी शहरात फिरत होती. 12 नोव्हेंबर 1942 रोजी गिरगावच्या पारेखवाडीत छापा पडला. फितुरीचाही त्यात हात होता, तरी पाठलागाचा धागा रेडिओलहरींचाच होता. 42.34 मीटर म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. आज हॅम मंडळी ज्या 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रोज गप्पा मारतात, नेमका तोच हा पट्टा. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते, त्यामागचे कारण यावरून उमगते.

आता खेळ. त्याचे घड्याळ फार सुंदर रचलेले आहे. पाचही प्रक्षेपक एकाच कंप्रतेवर बोलतात, पण एका वेळी एकच. पहिला एक मिनिट बोलतो आणि गप्प होतो, मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, आणि पुन्हा पहिला. ओळख मोर्स संकेतात. सर्वांच्या सुरुवातीला एम आणि ओ ही अक्षरे, म्हणजे पाच लांब ठोके. त्यानंतर पहिल्याचा एक आखूड ठोका, दुसऱ्याचे दोन, असे पाचव्याचे पाच. त्यामुळे मोर्स न शिकलेल्या शाळकरी मुलालाही शेवटचे ठोके मोजून कोण बोलतो आहे ते कळते. याखेरीज शेवटच्या रेषेजवळचा आणखी एक प्रक्षेपक वेगळ्या कंप्रतेवर अखंड नुसते एम-ओ म्हणत राहतो, म्हणजे चुकलेल्यालाही घरची वाट सापडते.

याचा अर्थ धावणाऱ्याला प्रत्येक पेटी पाच मिनिटांत एकच मिनिट ऐकू येते. त्या मिनिटात थांबायचे, दिशा पकडायची, नकाशावर रेघ ओढायची. उरलेली चार मिनिटे धावायचे किंवा दुसऱ्या पेटीची दिशा घ्यायची. दुसऱ्या जागेवरून पुन्हा रेघ ओढली की दोन रेघा जिथे छेदतात तिथे पेटी. दोन्ही रेघांमधला कोन काटकोनाच्या जवळ असेल तर उत्तर चांगले येते. दिशा पाच अंशांनी चुकली तर एक किलोमीटरवर चूक सुमारे 87 मीटरची होते, आणि करवंदीच्या जाळीत 87 मीटर म्हणजे पुष्कळच. पेट्या कोणत्या क्रमाने शोधायच्या हे स्पर्धकाने ठरवायचे असते. पाच पेट्यांचे 120 क्रम होतात. त्यातला कमी चढाचा आणि कमी चालीचा क्रम पहिल्या दहा मिनिटांत ओळखणे हे या खेळातले खरे कौशल्य. पाय वेगवान असलेला पण चुकीच्या पेटीने सुरुवात करणारा धावपटू इथे हमखास मागे पडतो.

स्पर्धा दोन कंप्रतांवर होते, 3.5 आणि 144 मेगाहर्ट्झ. भारतात हे दोन्ही पट्टे हॅमसाठी खुले आहेत. दोन्हींचे स्वभाव इतके वेगळे की जणू दोन वेगळे खेळच.

3.5 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 86 मीटर लांब. झाडे, पाने, ओल यांची ती फिकीर करत नाही. डोंगराला वळसा घालून पलीकडे जाते. इथे ॲन्टेना म्हणून फेराइटची कांडी किंवा तारेचे वेटोळे वापरतात, आणि दिशा आवाजाने नव्हे, शांततेने सापडते. कांडी आडवी धरून फिरवली की आवाज वाढतो, घटतो. सर्वांत मोठ्या आवाजाची जागा शोधू गेले तर ती सापडत नाही, कारण तिथून 20 अंश सरकले तरी संदेशाची पातळी सहा टक्क्यांनीच कमी होते. कानाला तो फरक कळतही नाही. पण कांडीचे टोक नेमके पेटीकडे रोखले गेले की आवाज एकदम मावळतो, आणि दोन-चार अंश हलवले की परत येतो. म्हणून अनुभवी खेळाडू मावळतीवर विश्वास ठेवतो. अडचण एवढीच की आवाज पेटीच्या दिशेलाही मावळतो आणि बरोबर उलट दिशेलाही. पुढे की मागे हे ठरवायला यंत्राला एक छोटी उभी सळई जोडलेली असते. बटण दाबले की तिचा संदेश कांडीच्या संदेशात मिसळतो आणि एक बाजू मोठी, दुसरी लहान होते.

144 मेगाहर्ट्झची लहर अवघी दोन मीटरांची. ती सरळ रेषेत जाते, ओल्या पानांत शोषली जाते आणि कातळावर आपटून परत फिरते. सह्याद्रीच्या बसाल्टी कड्यांजवळ यागी, म्हणजे एका दिशेचे जास्त ऐकणारी, ॲन्टेना फिरवली तर कधी कधी खऱ्या दिशेपेक्षा समोरच्या भिंतीकडूनच संदेश मोठा येतो. उपाय एकच, उंच आणि मोकळ्या जागी जाऊन पुन्हा दिशा घेणे. आणि उंच जायचे म्हणजे चढायचे. ही यागी घरी बनवता येते. पाण्याच्या पीव्हीसी नळीवर सुताराच्या पोलादी मेजटेपच्या पात्या बसवतात. झुडपात अडकल्या तर वाकतात आणि सुटल्या की आपोआप सरळ होतात. रेडिओ कॉलर लावलेला वाघ शोधताना वन्यजीव संशोधक हातात धरतात ती ॲन्टेनाही याच जातकुळीची.

पेटी जवळ आली की नवी अडचण येते. संदेश इतका दणदणीत होतो की कोणत्याही दिशेला सारखाच वाटतो. तेव्हा यंत्रातला क्षीणक वापरून संदेश मुद्दाम मारावा लागतो. तेवढ्यात मिनिट संपले तर? पुढची चार मिनिटे पेटी मुकी. मग शेवटची दिशा लक्षात ठेवून डोळ्यांनी शोधायचे, किंवा दुसऱ्या पेटीची दिशा घेत वाट पाहायची. पेटीजवळ नारिंगी-पांढरा निशाणी त्रिकोण टांगलेला असतो, पण तो झाडाआड असला की दहा पावलांवरूनही दिसत नाही.

पेण-रोह्याकडे वळू. जोहे, हमरापूर, कळवे ही गावे गणेशमूर्तींसाठी ओळखली जातात. एकीकडे खारजमीन आणि खाडी, दुसरीकडे डोंगर, मधून पनवेल-रोहा लोहमार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग, असा हा चिंचोळा पट्टा. हमरापूरला रेल्वे थांबते; स्पर्धकांना गाडीवाचून येता येते हा फायदा लहान नाही. उत्तरेला कर्नाळा, दक्षिणेला मुरूड आणि रोह्याच्या मध्ये फणसाड, अशी दोन अभयारण्ये आहेत. ती मोहात पाडतात, पण तिथे पेट्या लपवायच्या नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातला प्रवेश ठरावीक कारणांपुरता बांधलेला आहे, आणि घरटी करणाऱ्या पक्ष्यांमधून पन्नास माणसे वाट सोडून धावणे कायद्याबाहेरही चुकीचेच. स्पर्धेची जागा म्हणजे त्याबाहेरचे साधे वनविभागाचे रान. तिथेही वनविभागाची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्याआधी गावात जाऊन बसायचे.

हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. रायगडच्या डोंगरात ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत, आणि पिढ्यानपिढ्या कसत आलेल्या दळी जमिनी आहेत. नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या उतारावर प्रत्यक्षात कोणाची नाचणी किंवा वरी उभी असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने या लोकांचा त्या रानावरचा हक्क मान्य केला आहे. स्पर्धेचा मार्ग आखणाऱ्याने वाडीतल्या जाणत्या माणसाबरोबर आधी तो उतार चालून काढावा: कुठे दळी, कुठे देवाची जागा, कुठे पाणवठा, गुरे कोणत्या वेळी कुठे असतात. नकाशावर तेवढे तुकडे जांभळ्या रेघांनी प्रवेशबंद करायचे आणि ते ओलांडणाऱ्याला बाद करायचे. पाणी, जेवण, पेट्यांची राखण ही कामे त्याच वाडीला मोबदला देऊन सोपवावी. पेटी राखणारा माणूस मात्र दिसेल असा बसता कामा नये, नाहीतर स्पर्धक पेटीऐवजी माणूस शोधतील.

दुसरे जाणे पोलीस ठाण्यात. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटके याच जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. रानात तारा बाहेर आलेली बेवारस पेटी कोणा गुराख्याला दिसली तर त्याने घाबरणे योग्यच आहे. प्रत्येक पेटीवर मोठ्या मराठी अक्षरांत ती काय आहे, कोणाची आहे, किती वाजता काढली जाईल आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे लिहिलेले हवे. पेट्यांच्या जागांची यादी बंद पाकिटात ठाण्यात दिलेली हवी. प्रक्षेपण परवानाधारक हॅमच्या जबाबदारीवरच व्हायला हवे. हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो आणि बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते.

मग नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. धावायला तो फार ढोबळ. 1:15,000 चा नवा नकाशा काढावा लागतो, त्यात ओढे, कातळ, गडगे, पायवाटा आणि झाडीची दाटी दाखवावी लागते. महिन्या-दोन महिन्यांचे पायी काम आहे हे. एका बाबतीत मात्र इथला नकाशाकार भाग्यवान. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे होकायंत्राची दिशा जवळपास तशीच नकाशावर उतरवता येते. जवळच अलिबागला 1904 पासून चुंबकीय वेधशाळा हे मोजते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मोजमापे बिघडणार म्हणून ती तिकडे नेली.

विजेचा हा त्रास दिशाशोधनालाही होतो. उच्चदाबाच्या तारांच्या खाली 3.5 मेगाहर्ट्झची लहर तारेत शिरते आणि तारेच्या लांबीभर पसरते. तिथे घेतलेली दिशा पेटीची नसते, तारेची असते. पेणपासून रोह्यापर्यंत अशा तारा डोंगर ओलांडतात, आणि लोहमार्गही आता विजेवर चालतो. मार्ग आखणाऱ्याने पेट्या त्यांच्यापासून दूर ठेवाव्यात. नियमांची बंधने आहेतच: सर्वांत जवळची पेटीही सुरुवातीपासून निदान 750 मीटर लांब, आणि कोणत्याही दोन पेट्यांत निदान 400 मीटर अंतर. पेटी कड्याच्या टोकाशी किंवा निसरड्या ओढ्यात कधीही ठेवायची नाही. अवघड जागा आणि अवघड कोडे यांतला फरक ज्याला कळतो त्यानेच पेट्या लपवाव्यात.

हंगामाची निवड इथे सरळ आहे. पावसाळ्यात हे डोंगर धावण्यासाठी नाहीत. गणपतीपूर्वी जोह्याच्या कारखान्यांत श्वास घ्यायला वेळ नसतो आणि महामार्ग तुंबलेला असतो. ऑक्टोबरात दळीवर पीक असते. डिसेंबर-जानेवारी हवेला उत्तम, पण तेव्हाच खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, आणि त्यांची लव अंगाला लागली की धावणे संपते. मार्ग आखताना तिचे वेल असलेले ओढे टाळलेच पाहिजेत, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सक्तीचा ठेवावा. फुरसे आणि घोणस या दोन्ही विषारी सापांचा हा मुलूख असल्याने घोट्यावरचे बूट हवेत, आणि प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यायला हवी. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताला वणव्याचे भय, तेव्हा विडी-काडीवर पूर्ण बंदी.

स्पर्धेच्या दिवशी स्पर्धक दर पाच मिनिटांनी छोट्या गटात सुटतात, म्हणजे प्रत्येक गटाला चक्राची सुरुवात सारखीच मिळते. सुटलेल्यांची आणि परतलेल्यांची यादी दोन वेगळ्या माणसांनी ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने जुळवायची. कमाल वेळ, समजा दोन तास, संपली की पेट्या सापडल्या नसल्या तरी परतायचे, आणि न परतलेल्याचे सारे शोध बाद. हा नियम कठोर वाटतो, पण डोंगरात कोण हरवले आणि कोण अजून हट्टाने शोधतो आहे हे ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. पुष्कळ घळींत मोबाइलला रेंज नसते, म्हणून 3.5 मेगाहर्ट्झच्या स्पर्धेच्या दिवशी आयोजक हॅमनी डोंगरमाथ्यावर आणि पायथ्याला 145 मेगाहर्ट्झचे हातसंच घेऊन बसावे. सर्व पेट्या, निशाण्या आणि झाडावर टाकलेल्या ॲन्टेनाच्या तारा त्याच संध्याकाळी मोजून उतरवायच्या, कारण तुटकी तार गुराच्या पायात अडकते.

एवढा पसारा पहिल्याच वर्षी मांडायची गरज नाही. नकाशावर छोटी वर्तुळे आखून प्रत्येकात अतिशय क्षीण प्रक्षेपक ठेवण्याचा एक सोपा प्रकार आहे: वर्तुळापर्यंत नकाशाने पोहोचायचे आणि शेवटचे शंभर-एक मीटर तेवढे रेडिओने शोधायचे. शाळेचे मैदान, गावाची आमराई, नाहीतर एखादी टेकडी त्याला पुरते. पेण किंवा रोह्यातल्या शाळेने 3.5 मेगाहर्ट्झचे पाच-सात संच मुलांकडून बनवून घेतले, आणि एका हॅमने आपले प्रक्षेपक घेऊन एक रविवार दिला, तर सुरुवात तेवढ्यावर होते.