एक गाणें आणि दोन वयें



आज मी आपल्यापुढें एका वादाविषयीं चार शब्द बोलणार आहें. पाश्चात्य संगीताची गोडी ज्या घरांत आहे, त्या घरांत हा वाद केव्हां ना केव्हां झालाच असेल. आणि ज्या घरांत ती नाहीं, तेथेंहि तो परका वाटूं नये अशी माझी इच्छा आहे. कारण वाद वरवर एका इंग्रजी गाण्याचा असला, तरी त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न कोणत्याहि रसिकाला टाळतां येणार नाहीं. ज्यानें एखादें गाणें रचलें व गाजविलें, त्यानेंच तें बावीस वर्षांनीं श्रोत्यांसमोर अगदीं निराळ्या ढंगानें गाइलें, तर तें तेंच गाणें राहतें काय ? आणि तसें करण्याचा त्याला अधिकार आहे काय ?

गाण्याचें नांव 'लैला'. इंग्रज लोक तें 'लेला' असें उच्चारतात; पण नांव मात्र आपल्या ओळखीच्या लैला-मजनूंतील लैलेचेंच आहे. गाण्याचा कर्ता एरिक क्लॅप्टन हा इंग्रज गायक व गिटारवादक 1945 सालीं जन्मला. बीटल्स मंडळींतील जॉर्ज हॅरिसन हा त्याचा जवळचा मित्र. आणि त्या मित्राच्या पत्नीवर, पॅटी बॉइडवर, याचें मन जडलें. अशा अवस्थेंत बाराव्या शतकांतील फारसी कवि निजामी याचें लैला-मजनूंचें आख्यान त्याच्या वाचनांत आलें आणि आपली व्यथा सांगावयास त्याला नांव सांपडलें. 1970 सालीं अमेरिकेंतील मायामी शहरीं 'डेरेक अँड द डॉमिनोज' या नांवाखालीं त्यानें हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. त्या वेळीं त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें.

या पहिल्या रूपाची घडण नीट लक्षांत घेतली पाहिजे. पुढील सर्व वाद तिच्यावर उभा आहे. गाण्याच्या आरंभीं इलेक्ट्रिक गिटारीवर एक लहानशी सुरावट येते. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर ती स्थूलमानानें मंद्र पंचम, कोमल निषाद, षड्ज, कोमल गंधार आणि पुन्हां षड्ज, निषाद, षड्ज अशी सात स्वरांची आहे. ती द्रुत लयींत, एकावर एक रचलेल्या अनेक गिटारींतून, वीज कडाडावी तशी अंगावर येते. तिच्यावर क्लॅप्टनचा आवाज, वरच्या पट्टींत, जवळजवळ फाटेल इतका ताणलेला. जोडीला ड्वेन ऑलमन हा अमेरिकन वादक बोटांत काचेची बाटली चढवून ती तारांवरून सरकवीत असे. आपल्याकडील विचित्रवीणेच्या बट्ट्याची ज्यांना आठवण असेल, त्यांना त्या मींडेची कल्पना येईल. हा झाला पूर्वार्ध. तो सुमारें तीन मिनिटांत संपतो, आणि मग एकाएकीं सारें वादळ ओसरून पियानोची संथ, गंभीर धून सुरू होते. कांहीं आठवड्यांनंतर मुद्रित करून जोडलेला हा उत्तरार्ध उरलेलीं जवळजवळ चार मिनिटें चालतो, त्यांत एक शब्दहि नाहीं, आणि अगदीं शेवटीं ऑलमनची गिटार पांखराच्या किलबिलीसारखा ध्वनि काढून थांबते. सात मिनिटांच्या या गाण्याचा निम्म्याहून अधिक भाग असा निःशब्द आहे, हें आपण ध्यानांत ठेवावें.

आतां दुसरें रूप. 1992 च्या जानेवारींत इंग्लंडमधील ब्रे येथील स्टुडिओंत क्लॅप्टन थोड्याशा श्रोत्यांसमोर खुर्चीवर बसून गाइला. एम. टी. व्ही. या दूरचित्रवाहिनीचा 'अनप्लग्ड' नांवाचा तो कार्यक्रम होता. विजेच्या गिटारी बाजूस ठेवून साध्या लाकडी वाद्यांवर गावें हा त्याचा नियम. गाण्याचें नांव न सांगतां, ओळखा पाहूं, अशा अर्थाचें कांहीं तरी म्हणून त्यानें आरंभ केला. ती कडाडणारी सुरावट आतां झुलत्या, आळसावलेल्या लयींत आली. आवाज खालच्या पट्टींत, बोलल्यासारखा. श्रोत्यांना ओळख पटली ती शब्द ऐकूं आल्यावर, आणि मगच टाळ्या पडल्या. मध्यें चक लेव्हेल यानें पियानोवर थोडा विस्तार केला, परंतु तो प्रसिद्ध उत्तरार्ध मुळींच आला नाहीं. म्हणून लय मंदावूनहि गाणें लहान झालें : सात मिनिटांचें पावणेपांच मिनिटांवर आलें.

या दोन दिवसांमध्यें त्या माणसाचें आयुष्य किती पालटलें होतें ! ज्या स्त्रीसाठीं गाणें रचलें, तिच्याशीं 1979 सालीं त्याचा विवाह झाला आणि पुढें सुमारें दहा वर्षांनीं तो मोडला. ऑलमन तर 1971 सालींच अपघातांत गेला. आणि 1991 च्या मार्चमध्यें क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या खिडकींतून पडून मरण पावला. खुर्चीवर बसून गाणारा माणूस शेहेचाळीस वर्षांचा होता.

या गाण्यानें रसिकांचे सरळ दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, ही 'लैला' नव्हे. हिचे दांत काढून टाकले आहेत. जें गाणें तळमळीचें, तें दिवाणखान्यांत चहाबरोबर ऐकण्याजोगें करून ठेवलें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, पहिल्या रूपांत गिटारींच्या गदारोळांत शब्द अर्धे बुडालेले होते. येथें ते प्रथमच कानीं पडले, आणि मग कळलें कीं ही गर्जना नसून विनवणी आहे. त्यांत 1993 सालीं एक ठिणगी पडली. अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकांत या मैफलीची तबकडी वर्षांतील सर्वोत्कृष्ट ठरली, आणि उत्कृष्ट रॉक गीताचें पारितोषिक याच 'लैले'ला मिळालें. बावीस वर्षांपूर्वींच्या गीताला नव्या गीताचा मान कसा, असा आक्षेप आला; आणि तो निराधार नव्हता, कारण त्या स्पर्धेंत 'निर्व्हाना' या तरुण मंडळींचें, त्या पिढीचा आवाज बनलेलें गाणें मागें पडलें होतें.

हा वाद आमच्याहि घरीं झाला. माझे वडील बंधु, आम्ही त्यांना दादा म्हणत असूं, मुंबईस एका कचेरींत नोकरीस होते. पहिल्या पगारांतून घेतलेल्या ध्वनिमुद्रिकांत ही 'लैला' होती, आणि सुटींत ते घरीं आले कीं ती वाजत असे. मी तेव्हां शाळकरी मुलगा. पुढें मी मास्तर झालों आणि 1993 सालीं त्या नव्या मैफलीची कॅसेट घेऊन मोठ्या उत्साहानें त्यांना ऐकविली. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "अरे, आग विझल्यावर तूं राखेची ऊब घेतो आहेस, आणि तिलाच आग म्हणतो आहेस."

मीं उत्तर दिलें, "दादा, तुला गाणें नकोच आहे. तुला तुझी विशी परत हवी आहे."

यावर ते कांहीं बोलले नाहींत. ध्वनिमुद्रिका पाकिटांत घालून त्यांनीं कपाटांत ठेवली, आणि माझ्यादेखत ती पुन्हां कधीं लावली नाहीं. वादांत आपण जिंकलों, असें मला कित्येक वर्षें वाटत होतें.

आतां त्या वादाचा शांतपणें विचार करूं. 'मूळ रूप' म्हणून ज्याचा आपण कैवार घेतों, तें तरी किती मूळ असतें ? ती सात स्वरांची सुरावट ड्वेन ऑलमनला एका संथ ब्लूज गीताच्या चालीवरून सुचली, असें सांगतात. ब्लूज म्हणजे अमेरिकेंतील काळ्या लोकांची दुःखगीतें. हें विशिष्ट गीत अल्बर्ट किंग यानें 1967 च्या आपल्या तबकडींत गाइलें होतें. ऑलमननें त्यांतील गळ्याची एक ओळ घेऊन ती गिटारीवर दामदुपटीच्या वेगानें धांवविली. म्हणजे 1970 सालचें 'मूळ' हेंच एक रूपांतर. आणि 1992 सालीं लय मंदावली तेव्हां सुरावट आपल्या माहेरच्या वाटेनेंच परत गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं. लैलेच्या कथेचेंहि तसेंच. निजामीनें अरबी लोकांच्या तोंडीं असलेली कथा फारसींत काव्यबद्ध केली. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं आपल्या दिल्लीच्या अमीर खुसरोनें तीच पुन्हां आपल्या रीतीनें सांगितली. खुसरोनें निजामीचा अपराध केला असें कोणी म्हणत नाहीं.

मग गाण्याच्या बाबतींतच आपण इतके हळवे कां होतों ? मला वाटतें, याचें कारण तबकडी हें आहे. ध्वनिमुद्रणाची विद्या निघण्यापूर्वीं गाणें ज्या क्षणीं गाइलें जाई, त्या क्षणापुरतेंच असे. प्रत्येक गायन हें नवें रूपच. तबकडीनें त्यांतील एकच क्षण धरून ठेवला, तो हजार वेळां तसाच्या तसा ऐकविला, आणि हळूंहळूं तो क्षण म्हणजेच गाणें अशी आपली समजूत झाली. ख्याल ऐकतांना काल तान येथें घेतली होती, आज कां नाहीं, असें आपण विचारीत नाहीं. परंतु तबकडीवरून पाठ झालेलें नाट्यपद कोणी जरा फिरवून गाइलें कीं आपलीच भुंवई वर चढते. क्लॅप्टनच्या श्रोत्यांनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं.

अधिकाराचा प्रश्न यानेंच सुटतो. नवें रूप गाइल्यानें जुनें पुसलें जात नाहीं; ती तबकडी आहे तेथें आहे. क्लॅप्टननें स्वतःहि विजेची 'लैला' सोडली नाहीं. 1992 नंतरच्या मैफलींतून त्यानें कधीं ही, कधीं ती अशी दोन्ही रूपें गाइलीं. 2011 सालीं न्यूयॉर्कमध्यें विंटन मार्सालिस या जॅझवादकाच्या मंडळीसमवेत तर त्यानें तिसरेंच रूप दाखविलें : न्यू ऑर्लिन्स शहरांत अंत्ययात्रेपुढें जें संथ वाद्यसंगीत चालतें, त्या धर्तीचें. म्हणून 'अधिकार काय' हा प्रश्न सोडून 'कारण काय' हा विचारावा. नव्या रूपाला आंतून कांहीं कारण आहे, कीं तें केवळ नवेपणासाठीं नवें आहे ?

याचें उत्तर मला फार उशिरां, आणि थोड्या लाजिरवाण्या रीतीनें मिळालें. 2014 सालीं दादा गेले. त्यांच्या वस्तूंबरोबर ती ध्वनिमुद्रिका माझ्याकडे आली. एके सायंकाळीं घरांत कोणी नसतांना मीं ती लावली आणि पूर्वार्ध संपून पियानो सुरू होतांच संवयीनें उठूं लागलों. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं मी नेहमीं याच जागीं उठत आलों होतों. मुलगा असतां शब्द संपले म्हणजे गाणें संपलें असें मला वाटे, आणि मी खेळावयास पळत असें. म्हणजे ज्या गाण्याविषयीं मीं दादांना इतकें खोंचून बोललों, तें मीं सबंध कधीं ऐकलेंच नव्हतें ! धडा अर्धाच वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मीं तीस वर्षें गुण कापून शिक्षा केली आहे. ती या प्रसंगीं मला लागू होती.

त्या सायंकाळीं मी बसून राहिलों. जी शांतता, जी पोक्त उदासी मला नव्या रूपांत लाभली म्हणून मी तिची थोरवी गात होतों, ती त्या जुन्या तबकडीच्या उत्तरार्धांत प्रथमपासूनच होती. आक्रोश, आणि आक्रोशानंतरचें मौन, अशीं दोन्ही त्या पंचविशींतील तरुणानें व त्याच्या सोबत्यांनीं एकाच गाण्यांत ठेवलीं होतीं. मग 1992 सालीं तो उत्तरार्ध कां गळला, याचाहि मला माझ्यापुरता उलगडा झाला. शेहेचाळिसाव्या वर्षीं तो गृहस्थ त्या मौनाच्या बाजूला उभा राहूनच गात होता. पूर्वीं जेथें गाणें संपत असे, तेथून तो आतां आरंभ करीत होता. मग पियानोनें वेगळें सांगावयाचें काय उरलें?

म्हणून माझा निवाडा असा आहे. नव्या रूपाला कारण आहे, आणि म्हणून तें खरें आहे. परंतु जुन्याची जागा तें घेऊं शकत नाहीं. कारण त्यांत ऑलमनची मींड नाहीं, तो उत्तरार्ध नाहीं, आणि मुख्य म्हणजे ती होरपळ नाहीं. जें गेलें त्याविषयीं दादांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. तें जाऊं देण्याचा गायकाला अधिकार नाहीं, एवढेंच चूक होतें. आणि माझी चूक अशी कीं, जुनें आवडणें म्हणजे केवळ गेलेल्या तारुण्याचा मोह, असें मीं धरून चाललों. दादांनीं तें गाणें शेवटपर्यंत ऐकलेलें होतें.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा वाद चालू असेल, तर माझी एक लहानशी विनंती आहे. दुसऱ्याच्या आवडीचें गाणें एकदां सबंध ऐकावें, मध्येंच उठूं नये. आणि मग काय बोलावयाचें तें बोलावें. तसें केलें म्हणजे मतें एक होतील असें नव्हे. पण वाद जिंकल्याचें जें दुःख माझ्या वांट्याला आलें, तें आपल्या वांट्याला येणार नाहीं.