वही उघडतांच चालणारा मॅक्रो

दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या बाजूच्या वाड्या व तांडे ओस पडूं लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. मुलें मागें राहावींत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना झाली. तरीहि कांहीं मुलें आईबापांच्या गाडीबरोबर जातातच. अशा मुलाची गैरहजिरी आठ दिवसांत ध्यानांत आली तर त्याच्या घरीं चौकशी करतां येते. दोन महिन्यांनीं आली तर त्याचें वर्ष बहुधा हातचें गेलेलें असतें. म्हणून जेथें हजेरी संगणकावर एक्सेलमध्यें ठेविली जाते, तेथें फाइल उघडतांच तिनें आपण होऊन अशीं नांवें दाखवावींत, अशी इच्छा शिक्षकास होणें साहजिक आहे. ही गोष्ट साध्य आहे. परंतु तिच्यांत एक फसगतहि आहे.

मॅक्रो म्हणजे संगणकास आगाऊ लिहून दिलेली आज्ञांची मालिका. एरवीं ती कोणीं सुरू केल्यावांचून चालत नाहीं. परंतु फाइल उघडणें ही एक्सेलच्या हिशेबीं एक घटना आहे, आणि ती घडतांच कोणत्या नांवाची आज्ञा कोठें शोधावयाची हें ठरून गेलेलें आहे.

फाइल उघडी असतां ऑल्ट व एफ-११ या कळा एकदम दाबाव्या, म्हणजे व्हिज्युअल बेसिकची खिडकी येते. तिच्या डाव्या यादींत ‘धिस वर्कबुक’ या नांवावर दोनदां टिचकी मारावी. कोऱ्या पानाच्या माथ्यावर दोन पेट्या दिसतात. त्यांपैकीं डावींतून ‘वर्कबुक’ निवडलें कीं ‘वर्कबुक_ओपन’ ही प्रक्रिया आपोआप उमटते. तिच्या पहिल्या व शेवटच्या ओळींच्या मध्यें जें लिहावें, तें फाइल उघडतांच घडतें. हीच प्रक्रिया साध्या मॉड्यूलमध्यें लिहिली तर चालत नाहीं, कारण एक्सेल तिला तेथें शोधीतच नाहीं. साध्या मॉड्यूलसाठीं ‘ऑटो_ओपन’ हें जुनें नांव आहे व तें आजहि चालतें.

आज्ञांचें काम सोपें आहे. एका रकान्यांत मुलाचें नांव व दुसऱ्यांत शेवटच्या हजेरीची तारीख असावी. प्रत्येक ओळींतील तारीख आजच्या तारखेंतून वजा करावी, बाकी सातांहून अधिक आल्यास नांव टिपावें, आणि अखेरीस सर्व नांवें एका संदेशांत दाखवावींत. लांब सुटीनंतर मात्र सुटीचे दिवस त्यांतून वगळावे लागतात. फाइल जतन करतांना ‘एक्सएलएसएम’ हा प्रकार निवडावा. २००७ च्या आवृत्तीपासून चालत आलेल्या साध्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारांत मॅक्रो टिकत नाहीं.

एवढें करूनहि मॅक्रो चालेलच असें नाहीं. आपोआप चालणारी आज्ञा जशी सोयीची, तशीच घातकहि असूं शकते. १९९६ सालीं ‘लारू’ नांवाचा व्हायरस ‘ऑटो_ओपन’चाच आधार घेऊन एक्सेलच्या फाइलींत पसरला. तेव्हांपासून संमतीचे पहारे वाढत गेले. एक्सेल प्रथम पिवळी पट्टी दाखवितें. तिच्यावरील ‘एनेबल कंटेंट’ हें बटण दाबीपर्यंत मॅक्रो झोपलेला राहतो. २०२२ पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलीस लाल पट्टी येते व बटणहि मिळत नाहीं. पाठविणारा खात्रीचा असेल तरच फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें जाऊन ‘अनब्लॉक’ या चौकोनांत खूण करावी. फाइल उघडतांना शिफ्टची कळ दाबून धरली तरीहि मॅक्रो वगळला जातो. आणि मोबाइलवरील एक्सेलमध्यें हे मॅक्रो मुळींच चालत नाहींत. खेड्यांत तर फाइल पुष्कळदां मोबाइलवरच उघडली जाते.

फसगत ती हीच. मॅक्रो चालला व एकहि नांव निघालें नाहीं, तरी पडदा शांत. आणि मॅक्रो चाललाच नाहीं, तरीहि पडदा शांतच. दुसऱ्या शांततेस पहिली समजून मुख्याध्यापक निश्चिंत राहतात, आणि तिकडे मूल फडावर पोंचलेलें असतें.

यावर उपाय दोन. पहिला, नांव नसलें तरी ‘आज एकहि नांव नाहीं’ असा संदेश मॅक्रोनें दाखविलाच पाहिजे. दुसरा, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘शेवटची तपासणी’ असें लिहून त्याच्या शेजारच्या घरांत मॅक्रोनें प्रत्येक वेळीं आजची तारीख टाकावी. तेथें जुनी तारीख दिसली तर तपासणी झालेली नाहीं, हें मोबाइलवर पाहणाऱ्यासहि कळतें. त्या घरांत सूत्र मात्र घालूं नये. संरक्षित दृश्यांत उघडलेल्या फाइलींतील सूत्रें नव्यानें हिशेब करीत नाहींत व कालचेंच उत्तर दाखवितात.

शेवटीं परीक्षा घ्यावी. यादींत एक खोटें नांव घालून त्यापुढें दहा दिवसांपूर्वींची तारीख लिहावी, फाइल जतन करून बंद करावी व पुन्हां उघडावी. नांव पुढें आलें तर व्यवस्था बरोबर आहे. मग तें खोटें नांव काढून टाकावें. हें काम टोळ्या गांव सोडण्यापूर्वीं, दिवाळीच्या आधींच, उरकलेलें असावें.